कुत्र्याला मोकळं सोडलं म्हणून

ये गं, अशी जवळ ये. चष्मा लाव, मोबाईल पालथा ठेव आणि हे नीट वाच. पण आधी दोन शब्द ऐकून घे, कारण तू ऐकण्यासारखंच केलं आहेस. माझ्या लेकाने तुला फोनवर काय ते सांगितलं आणि तू ते देवळातल्या तीर्थासारखं ओंजळ पुढे करून घेतलंस. वर मलाच फोन करून विचारतेस, मावशी, एवढ्याशा कुत्र्याला कुणी मांजरांबरोबर घरात मोकळं सोडून जातं का. तेही स्पीकर लावून, नवरा शेजारी फिदीफिदी हसत असताना. त्या दिवशी फोन कट झाला तो रेंजमुळे नाही, मी केला.

तोंडी सांगायला घेतलं असतं तर अर्ध्यावर ‘हो हो मावशी’ करून तू कुकर लावायला गेली असतीस. म्हणून लिहिते. माझी शाळा चौथीला सुटली, पुढचं लिहिणं-वाचणं माझं मीच ओढत आणलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची तक्रार नको. सून शाळेत बाई आहे, पण तिला तपासायला देणार नाही. ती लाल पेन काढते.

तर आमचं घर तुला माहीत आहे. मसोलीला, मागे चिकूची वाडी, पुढे पडवी, पडवीत माझी खाट. लेक सकाळी गाडी पकडून वापीला कारखान्यात जातो, सून तलासरीला शाळेत. दिवसभर घरात मी आणि दोन मांजरं. एक राखाडी, ती सुनेची. लग्न होऊन आली तेव्हा माहेराहून भाजीच्या पिशवीत घालून आणली होती. पिशवीतून डोकं बाहेर काढून त्या मांजरीने माझ्या घराकडे असं बघितलं, की भाड्याने घ्यावं की न घ्यावं याचा विचार चाललाय. तिचा तो चेहरा आजतागायत बदललेला नाही. दुसरा बोका. तो कुणाचा नाही, जेवायच्या वेळेला आमचा असतो.

आणि मग लेकाने वापीहून कुत्रा आणला. तपकिरी रंगाचा, कान लोंबते, पाय अंगापेक्षा मोठे. त्याचं नाव इंग्रजी ठेवलं. माझ्या जिभेला ते वळत नाही, मी ‘अरे’ म्हणते आणि तो येतो, तेव्हा नावाचा प्रश्न आमच्यापुरता मिटला. पण कुत्र्यापाठोपाठ टेम्पोतून एक पिंजरा उतरला. लोखंडी जाळीचा, घडी होणारा, खाली प्लास्टिकचा ट्रे. याला क्रेट म्हणतात म्हणे. आमच्याकडे क्रेटमध्ये चिकू भरतात. मी विचारलं, याला पिकत घालायचाय का? लेक हसला नाही. कुत्रा आणल्यापासून तो हसणं विसरला होता, सारखा मोबाईलमध्ये बघून कुत्र्याला वाढवत होता.

त्या मोबाईलमध्ये एक बाई आहे. झुळझुळीत केस, पांढरा सोफा, मागे कुंडीत झाड. ती सांगते की पिंजरा म्हणजे कुत्र्याची स्वतःची खोली, त्याला तिथे सुरक्षित वाटतं. माझा लेक हे वाक्य जेवताना म्हणायचा, आंघोळीहून येताना म्हणायचा. मी म्हटलं, स्वतःची खोली असेल तर कडी आतून लागू दे की. त्यावर तो म्हणाला, ‘आई, तुला सायन्स कळत नाही.’ बरोबर आहे. चौथीपर्यंत सायन्स नव्हतं. पण सकाळी तुम्ही दोघं निघून गेल्यावर तो जीव त्या जाळीला नाक लावून जे रडायचा, ते ऐकायला कान लागतात, सायन्स लागत नाही. पांढऱ्या सोफ्यावरच्या बाईला ते ऐकू जात नव्हतं. तिला बरंय, तिच्या घरात मांजर नाही, सासू नाही आणि बहुतेक कुत्राही नसावा. सोफा फार स्वच्छ होता.

लेकाची गाडी स्टेशनातून सुटली असेल असा अंदाज घेऊन मी पिंजऱ्याची कडी काढायची. लपूनछपून नाही, संध्याकाळी सांगायचीसुद्धा. पण एकदम मोकळाही सोडला नाही, एवढी अक्कल मला आहे. माझ्या जुन्या लुगड्याचा काठ फाडला, एक टोक त्याच्या पट्ट्याला आणि एक माझ्या खाटेच्या पायाला. आणि मांजरांना कुणी बोलावलं नाही. मांजराला बोलावलं की ते येत नाही, न बोलावता हटकून येतं. पहिल्या दिवशी दोघं शिलाई मशीनवर चढून बसली आणि कुत्र्याकडे अशी पाहत राहिली, जसे तालुक्याच्या ऑफिसातले लोक आपल्याकडे पाहतात. दुसऱ्या आठवड्यात बोका खाली उतरला, कुत्र्याच्या समोरून मुद्दाम सावकाश गेला आणि जाता जाता त्याच्या नाकावर एक ठेवून दिली. कारण काही नाही. कुत्रा माझ्या खाटेखाली शिरला तो दुपारच्या चहापर्यंत बाहेर आला नाही.

तेव्हाच मला या घरातली व्यवस्था कळली. आणि ती फक्त मलाच कळली होती, कारण बाकीचे दोघे संध्याकाळी यायचे आणि मोबाईलवाल्या बाईला विचारायचे.

पुढे लुगड्याचा काठ सोडला. दिवसभर तिघं घरात माझ्या डोळ्यांसमोर मोकळी असायची. कुत्रा खेळायला बोलवायचा, पुढचे पाय पसरून बूड वर करून. मांजरं त्याचा अपमान करायची. तो अपमान विसरून पुन्हा बोलवायचा. त्याच्याइतकी विसरभोळी जात दुसरी नाही. त्याला स्वतःचं शेपूट रोज नव्याने सापडायचं.

मग श्रावण लागला.

आता तू इतकी वर्षं नाशकात आहेस, म्हणून सांगते. आपल्या घरांत श्रावण म्हणजे मासळी बंद, आणि बंद म्हणजे नुसती खायची बंद नाही. मासळीचा तवा, कालवणाची कढई, मासे चिरायची वेगळी विळी, सगळं राखेने घासून, उन्हाची तिरीप आली तर तिच्यात वाळवून माळ्यावर चढतं. माझ्या सासूने केलं, मी करते, सूनही करते. एरवी डहाणू गावातून मासळीवाली पाटी घेऊन दारात येते, ओट्यावर बसून मासे साफ करून देते, आणि डोकी, कल्ले, शेपट्या तिथेच मांजरांना पडतात. आमची मांजरं त्यावरच वाढलेली. श्रावणात तीही आमच्या गल्लीला येत नाही. मग मांजरांना काय? दूधभात. कधी वरणभात. आमचा श्रावण आम्ही त्या दोघांनाही लावून टाकला होता, आणि त्यात काही चुकतंय हे सगळ्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्यासुद्धा. राखाडी मांजरी त्या दूधभाताजवळ जायची, वास घ्यायची आणि मागच्या पायाने फरशी खरवडायची, घाण झाकतात तशी. सून म्हणायची, हिला गरमी होतेय.

श्रावणातच गंजाडला माझ्या नणंदेच्या नातवाचं बारसं निघालं. सगळ्यांनी जायचं. निघायच्या वेळी लेकाने पिंजरा उलगडला. मी पडवीतल्या खाटेवर बसले आणि सांगितलं की तो आत जाणार असेल तर मी इथेच बसते, तुम्ही जा, बाळाला माझा आशीर्वाद सांगा. नणंदेला काय सांगणार, आई कुत्र्यापाशी राहिली? लेकाला ते परवडणारं नव्हतं. सुनेचा जीव मांजरीत अडकलेला, तिने एकदाच विचारलं, ‘आई, नक्की ना?’ मी म्हटलं, नक्की. लेकाने पिंजरा मिटला आणि म्हणाला, काही झालं तर मला सांगू नकोस. मी पडवी आणि आतल्या घरातलं मधलं दार उघडं ठेवलं, मशीनवरचा पसारा काढून मांजरांना जागा केली, पाणी ठेवलं आणि निघालो.

परत आलो तो संध्याकाळ झाली होती. दार उघडलं तर पिठाचा डबा आडवा, मशीनवरचं कापड खाली, पायपुसण्यावर राखाडी केसांचा पुंजका. कुत्रा खाटेखाली, नाकावर ओरखडा, त्यावर वाळलेलं रक्त. बोका माळ्यावर. राखाडी नाही.

सून घरभर फिरली. कपाटामागे, तांदळाच्या पिंपामागे, न्हाणीत. वाटी वाजवत वाडीत गेली. मी तिच्या मागे. न्हाणीच्या खिडकीची जाळी एका कोपऱ्यातून सुटलेली होती, ते मी लेकाला दाखवलं. तो म्हणाला, ती जाळी पहिल्यापासून तशीच आहे. म्हटलं, तेच तर सांगते, पहिल्यापासून तशीच आहे. पण ऐकतो कोण.

तेवढ्यात कुंपणापलीकडचा शेजारी आला. तू त्याला पाहिलंयस, रिटायर झालाय, पांढरा लेंगा, कपाळाला गंध. त्याची बायको उंबरगावकडची, बोलता बोलता गुजरातीत जाते, फार सोवळी. श्रावणभर तिच्या घरात कांदा-लसूणसुद्धा शिजत नाही, आणि ते ती गल्लीतल्या प्रत्येक घरात जाऊन सांगून येते. तर हा आला, हात मागे बांधून आमच्या पिठाकडे बघितलं, केसांच्या पुंजक्याकडे बघितलं, आणि पोलिसपाटलासारखा आवाज काढून म्हणाला, ‘दुपारी मी किंकाळी ऐकली. मांजरीचीच. मला तेव्हाच शंका आली.’

सून तिथेच खाली बसली.

मी विचारलं, शंका आली तर मग बघायला का नाही आलास? तो म्हणाला, ‘मावशी, कुलूप होतं ना.’ खिडकीतून डोकावायला कुलूप आड येत नाही, पण मी गप्प राहिले, कारण सुनेचं तोंड बघवत नव्हतं. मागून त्याची बायको आली, पदर डोक्यावर घेऊन. ‘अरेरे माजी, श्रावण महिन्यात तुमच्या दारात जीव गेला,’ म्हणाली. तिच्या आवाजात दुःख होतं असं तुला वाटत असेल तर तू तिला ओळखत नाहीस. पोथीतला एखादा अध्याय डोळ्यांदेखत घडला, म्हणून बाई समाधानी होती.

त्या दिवसापासून घरात मी आणि कुत्रा, दोघं आरोपी. सून मला टाकून बोलली नाही, तशी ती नाहीच. फक्त ताट वाढून ठेवायची आणि आत जायची. तिच्या माहेरची म्हणून घरात ती एक मांजरी होती. मला ते कळत होतं, म्हणून तिची अबोला धरण्याची पद्धतही मी सोसली. लेकाचं मात्र सोसण्यासारखं नव्हतं. अच्छाडला चेकपोस्टच्या अलीकडे त्याच्या ओळखीच्या माणसाचा ढाबा आहे. तिथे ट्रक उभे राहतात, रात्री डिझेल चोरीला जातं, म्हणून त्याला भुंकणारं कुत्रं हवं होतं. रविवारी नेऊन द्यायचं ठरलं. मला विचारलं नाही, सांगितलं. तिथे त्याला कुठे ठेवतील म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, साखळीला, टायरांच्या ढिगाजवळ. आणि खायला? ढाब्यावर खायला काय कमी आहे, आई.

पिंजऱ्याला ‘स्वतःची खोली’ म्हणणारा माझा लेक, हायवेच्या कडेला टायरांजवळ साखळी म्हणताना त्याची जीभ जराही अडखळली नाही. मी त्याला म्हटलं, त्या सोफ्यावरच्या बाईला विचार, हेही सायन्समध्ये बसतं का.

मी घरातले कोपरे, वाडी, विहिरीची कड, सगळं धुंडाळलं. कुत्र्याने मारलं असेल तर काहीतरी सापडेल ना. एखादं हाड, शेपूट, जमिनीवर डाग. काही नाही. लेक म्हणाला, पुरली असेल त्याने. पुरली असेल? जो कुत्रा स्वतःचं बिस्किट उशीखाली ठेवतो आणि तिथेच उभा राहून बिस्किट कुठे गेलं म्हणून रडतो, त्याने मांजर मारून, खड्डा खणून, माती सारखी करून, पाय पुसून घरात येऊन झोपायचं? एवढी हुशारी त्याच्यात असती तर वापीच्या कारखान्यात मी त्यालाच पाठवला असता. आणि नाकावरचा ओरखडा सगळे त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखवत होते. अरे, ज्याच्या नाकावर रक्त असतं तो मार खाल्लेला असतो. हे सांगायला चौथीसुद्धा पुरते.

कुत्रा मात्र त्या दिवसांत फार शहाण्यासारखा वागत होता, तेच मला खात होतं. खेळायचा नाही. मशीनसमोर बसून राहायचा, वर बघत, जिथे ती दोघं बसायची. बोकाही धड घरात नसायचा. सकाळी दूधभाताची बशी उलटी करून जायचा तो दुपारी यायचा आणि झोपायचा. मी म्हणायचे, यालाही जोडीदारीण गेल्याचं लागलंय. बघ किती भोळी मी.

शनिवारी दुपारी बोका आला आणि कधी नाही ते माझ्या मांडीवर चढला. पोट टम्म. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, तोंड जवळ आणलं आणि मला वास आला. तळलेल्या मासळीचा. नुसत्या मासळीचा नाही गं, लसूण, हळद, तिखट लावून रव्यात घोळवून तव्यावर परतलेल्या मासळीचा. मिशीला रव्याचे दोन कण चिकटलेले होते. मी ते बोटावर घेतले आणि बराच वेळ बघत बसले.

श्रावणात, आमच्या गल्लीत, रवा लावून कोण तळतंय? मी एकेक घर डोळ्यांसमोर आणलं. कोपऱ्यावरचे सगळे श्रावण पाळणारे. त्यापुढचं घर जैनांचं. समोरचे बंद करून मुंबईला. उरले कुंपणापलीकडचे, आणि त्यांच्याकडे तर कांदासुद्धा बंद. मला काही उमगेना. मग बोका उठला, अंग ताणलं आणि पुन्हा दाराकडे निघाला. पोट भरलेलं असून निघाला, म्हणजे पंगत अजून उठली नव्हती.

लेक वापीला, सून शनिवारची शाळा सुटून अजून यायची होती. मी कुत्र्याला घरात ठेवून बाहेरून कडी लावली. आता मोकळा राहिला म्हणून कुणाचं काय बिघडणार होतं, घरात मांजर होतंच कुठे. चपला घातल्या आणि बोक्याच्या मागे निघाले. तो ऐटीत पुढे, मी कंबर धरून मागे. कुंपणाच्या फटीतून तो पलीकडे गेला, मला वळसा घालून फाटकातून जावं लागलं. शेजाऱ्याच्या वाडीच्या पार टोकाला विहीर आहे आणि विहिरीवर पंपाची खोली. दार लोटलेलं. आतून चर्र आवाज येत होता आणि वास तर असा की दोन्ही पाय जागच्या जागी थांबले. आम्हीही श्रावण पाळतो गं, आम्हालाही जिवावर येतं.

मी दार ढकललं.

तो उकिडवा बसला होता. पांढरा लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेतलेला, समोर छोटी शेगडी, तिच्यावर तवा, तव्यावर बोंबील. कपाळावर गंध. आणि त्याच्या बाजूला, घडी घातलेल्या पोत्यावर, पुढचे पाय पोटाखाली घेऊन, आमची राखाडी मांजरी बसली होती. चांगली गुबगुबीत झाली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटले. भाड्याचं घर आवडलं नाही, दुसरं बघितलं, एवढाच मामला.

त्याच्या हातातलं उलथनं तव्यावरच थांबलं. नुसते बोंबील बोलत होते.

‘करपतायत,’ मी म्हटलं.

त्याने ते उलटले. मग म्हणाला, ‘मावशी, घरी बोलू नका.’

‘कुणाच्या घरी? तुझ्या की माझ्या?’

त्याने सांगितलं ते मी थोडक्यात सांगते, कारण त्याने ते फार लांबवलं. सोवळ्याने जीव मेटाकुटीला येतो, बायकोला सांगायची सोय नाही, म्हणून दर श्रावणात तो पंप चालू करायला जातो असं सांगून इथे येतो. गंजाडच्या बारशाच्या दिवशी दुपारी ही मांजरी आपणहून आली. त्याने मासळीचं एक डोकं टाकलं. ती गेलीच नाही. आणि संध्याकाळी आमच्याकडे गलका ऐकून तो आला तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं. मांजरी कुठे आहे म्हणून सांगितलं असतं तर कशाला आली होती हेही निघालं असतं.

‘आणि किंकाळी?’ मी विचारलं.

त्याने तव्यावरचा एक बोंबील उगाच पुन्हा उलटला.

बाई गं, माणसं खोटं बोलतात, मीही बोलते, नणंदेला तिची साडी छान आहे असं तर तोंडावर सांगते. पण स्वतःचे चार बोंबील लपवायला एका मुक्या जिवावर खुनाचा आळ घालायचा, माझ्या सुनेला जमिनीवर बसवायचं, आणि वर गंध लावून हात मागे बांधून उभं राहायचं? त्या पंपाच्या खोलीत मला त्याची इतकी किळस आली, की तव्यावरच्या वासाने सुटलेलं पाणीही तोंडातच आटलं.

तो म्हणाला, मी अंधार पडला की हिला कुंपणावरून हळूच सोडतो, तुमचं तुम्हाला मिळालं, माझं माझ्यापाशी राहिलं. उपकार केल्यासारखं म्हणाला. मी सांगितलं, नाही. ती अशी आपोआप परत आली तर माझा लेक म्हणणार, कुत्र्याच्या भीतीने पळाली होती, बिचारी आता आली. आणि उद्या रविवार आहे. ‘तू स्वतः तिला हातात घेऊन येशील. माझी सून आणि लेक दोघं असताना. तिला काय झालं होतं ते सांगशील, आणि ती किंकाळी परत घेशील. तुझ्या तव्याचं मी काही सांगणार नाही. तुला काय सांगायचं ते तू बघ.’

तो आला. संध्याकाळी, लेक नुकताच येऊन पाय धूत होता तेव्हा. मांजरीला असं धरलं होतं, जसं दुसऱ्याचं मूल धरतात. मागोमाग बायको, कारण तिच्या नकळत तो फाटकाबाहेर मांजर घेऊन कसा पडणार. सुनेने ओरडून मांजरी ओढूनच घेतली आणि तिच्या मानेत तोंड खुपसलं. तो म्हणाला, आमच्या पंपाच्या खोलीत अडकली होती. त्या दिवशीपासून. कुत्र्याचा काही संबंध नाही. मला वाटलं होतं ओरडली, पण तसं काही नव्हतं, वाऱ्याने दार वाजलं असेल.

सगळं ठीक होतं. त्याने माझ्याकडे बघितलं, झालं ना, अशा नजरेने. पण त्याची बायको मांजरीकडे बघत होती. ‘इतके दिवस अडकून होती?’ ती म्हणाली. ‘मग ही एवढी जाडी कशी झाली?’

सुनेने मान वर केली. मांजरीच्या मानेचा वास घेतलेला होता ना तिने. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही सासू-सून कितीतरी दिवसांनी एकमेकींना न बोलता काहीतरी बोललो. शेजारीण पुढे आली, वाकली, नाक मांजरीजवळ नेलं. मी तव्याबद्दल अक्षर काढलं नाही. दिलेला शब्द पाळला. मांजरीने दिला नव्हता.

‘चालो घेर,’ बायको नवऱ्याला गुजरातीत म्हणाली, घरी चला. एवढंच. तो गेला. त्याचा लेंगा मागून बघताना मला जराही दया आली नाही, आणि ती यायला हवी होती असं कुणी म्हणालं तर त्याने टायरांच्या ढिगाजवळ एक रात्र साखळीला काढून दाखवावी.

आता माझा लेक. तुला वाटेल त्याने माफी मागितली असेल. त्याने घसा साफ केला, ढाबेवाल्याला फोन लावून सांगितलं की कुत्र्याचं पोट बिघडलंय, सध्या नाही जमणार. स्वतःची चूक झाली म्हणायला जीभ वळेना, म्हणून कुत्र्याचं पोट बिघडवलं. फोन ठेवून मला म्हणतो, ‘पण आई, पुढच्या वेळी तरी पिंजऱ्यात ठेवू. रिस्क कशाला?’

मी उत्तर देणार होते. पण त्याआधी कुत्रा खाटेखालून निघाला. सुनेच्या पायाशी आला, पोटावर सरपटत, शेपूट जमिनीवर आपटत. राखाडी मांजरीने सुनेच्या खांद्यावरून खाली बघितलं. सुनेने तिला सोडलं. मांजरी खाली उतरली, कुत्र्याच्या समोर बसली, त्याचं तोंड हुंगलं, आणि जुन्या ओरखड्याच्या बरोबर शेजारी एक नवा दिला. कुत्रा कुंई करून मागे झाला आणि आनंदाने गोल गोल फिरायला लागला. परत आली, परत मारलं, आणखी काय हवं त्याला.

सून कितीतरी दिवसांनी हसली. मग लेकाला म्हणाली, ‘राहू दे त्याला मोकळा. घरात मार तर तोच खातोय.’

तिची मांजरी, तेव्हा शब्दही तिचाच. 

सोमवारी सुनेनेच येताना डहाणू गावातून मासळीची डोकी आणली, कागदात, त्यावर प्लास्टिक, त्यावर कापडी पिशवी. घरात नाही शिजवली, मागच्या अंगणात वेगळ्या चुलीवर, मांजरांच्या वेगळ्या भांड्यात उकडली. आमचा श्रावण आमच्यापाशी. पलीकडून शेजारीण बघत होती. आता ती आमच्या घरी सांगायला येत नाही तिच्याकडे काय शिजत नाही ते. गल्लीत शांतता आहे.

त्यानंतर आम्ही तिघं दोनदा घराबाहेर गेलो, कुत्रा मोकळा. एकदा उशी फाटली. एकदा काहीच नाही. मांजरं दोन्ही वेळा मशीनवर, आणि तो खाली, मान वर करून, मार कधी मिळेल याची वाट बघत. न्हाणीची जाळी लेकाने अजून लावलेली नाही. त्याला मोबाईलवर जाळी कशी लावायची ते बघायचं आहे.

म्हणून म्हणते, पुढच्या वेळी कुणाचं ऐकायचं असेल तर आधी मला विचार. नाहीतर असं कर, श्रावण संपला की तूच ये. तुझ्या त्या हसऱ्या नवऱ्यालाही आण, त्याला बोक्यासमोर बसवते. आल्याबरोबर तुला बोंबील घालते, मग कुत्रा, मांजरं आणि लेक, सगळ्यांना घरात मोकळं सोडून मी, तू आणि सून समुद्रावर जाऊ. दिवस ठरवून फोन कर, स्पीकर न लावता. पण फार लांबवू नकोस गं, लवकर ये.